इस्त्री केलेला आवाज

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी वडील भोंगा म्हणायचे. ती रडायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. पुढे याच भोंग्याला ऐकायला लोक रांगा लावू लागले, आणि तिचे पिसांचे, आरशांचे, जमिनीवर लोळणारे झगे मी शिवू लागले. तिचं गाणं म्हणजे नुसती धुमश्चक्री. गिटारी, ड्रम, घंटा, मधेच घोड्यांच्या टापा, आणि या सगळ्यांच्या वर तिचा आवाज. गाताना ती गुडघ्यांवर धाडकन पडते, म्हणून झग्यांना गुडघ्याशी आतून जाड अस्तर लावावं लागतं. ते प्रेक्षकांना दिसत नाही.

सध्या भोंगा बंद होता. नवा अल्बम गाऊन झाला आणि लगेच घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी सज्जड दम भरला होता. महिनाभर हूं की चूं करायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. जखम कोवळी आहे, ताण पडला तर साध्या बोलण्यापुरता तरी आवाज राहील की नाही, सांगता येत नाही. आणि सगळं नीट भरून आलं तरी पूर्वीसारखं गाता येईल अशी आशा धरू नका. म्हणजे हा अल्बम शेवटचा. हे तिला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं, पण घरात कुणी तो विषय काढत नव्हतं.

लिहून सांग म्हणून मी तिला पाटी आणून दिली, ती तिने पलंगाखाली ढकलली. मुकी झाल्यावर बाईसाहेब आणखीच नाटकी झाल्या. चहा गार झालाय एवढंच सांगायला छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळायची. मी म्हणायचे, "अगं, चहाच गेलाय, जगबुडी नाही झाली." त्यावर ती मरून दाखवायची. मग मी हसायचे आणि चहा पुन्हा गरम करायचे.

परीक्षणं वाचायची आमच्या घरात एक रीत आहे. स्वतःचा तयार झालेला अल्बम ती कधीच ऐकत नाही. "जन्मलेलं मूल पुन्हा पोटात घालतं का कुणी?" हा तिचा ठरलेला सवाल. अल्बम कसा झालाय हे तिला परीक्षणांतूनच कळतं, आणि ती वाचायची मी. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी होते, डोळ्यांवर ओला रुमाल, हातात चमचा. चमचा एकदा वाजला की पुढे वाचायचं, दोनदा वाजला की तेच पुन्हा. मी छापलंय तेच वाचते, शिव्या असल्या तर शिव्या. त्या बाबतीत माझा भारी तोरा होता. तिच्या नवऱ्याला हे काम जमत नाही, त्याला पहिल्याच वाईट शब्दाला रडू फुटतं.

या माझ्या मेहुण्यांना मी बटणराव म्हणते. घरामागच्या गाडीच्या शेडमध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण चालतं. भिंतींना जुन्या रजया ठोकल्यात, त्या मीच शिवून दिल्या. ती काचेच्या आत गाते, ते बाहेर बटणं फिरवतात, मी कोपऱ्यात शिवत बसते. माणूस गायीसारखा गरीब. बायकोचा शब्द खाली पडू देत नाहीत.

त्या सकाळी त्यांनी सगळी परीक्षणं कागदावर काढून आणली, माझ्या हातात दिली आणि कपबशा विसळायचं निमित्त करून सिंककडे तोंड फिरवलं. माणूस एवढा वेळ एकच बशी का विसळतोय, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पहिलं परीक्षण म्हणत होतं, "थाटमाट मोठा, पण मन हलत नाही." चमचा एकदा वाजला. दुसऱ्याने लिहिलं होतं, विजा आहेत, घंटा आहेत, घोडेही आहेत, घोड्यावर कुणी बसलेलं मात्र दिसत नाही. चमचा जरा थांबून वाजला. तिसरं वाचून झाल्यावर तिच्या बोटांची पकड घट्ट झालेली दिसली. वाईट परीक्षणं तिला नवी नव्हती. आजवर तिला भडक म्हणालेत, कर्कश म्हणालेत, आणि ती टेबलावर पडल्या पडल्या खूश होऊन पाय हलवायची. पण थंड आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

शेवटचं होतं चिमट्याचं. या समीक्षकाला आम्ही चिमटा म्हणतो, कारण काहीही लिहिलं तरी शेवटच्या ओळीत तो चिमटा काढतोच. पण भोंग्याचा जीव त्याच्यावरच. ती म्हणते, बाकीचे बघतात, तो ऐकतो.

मी वाचायला सुरुवात केली आणि माझी नजर पुढच्या ओळींवर धावली. त्याने लिहिलं होतं, "या बाईला ऐकताना आजवर भीती वाटायची, की आता ही पडणार. ती पडायची आणि पडता पडता गायची, तिथेच आपण तिचे व्हायचो. या अल्बममध्ये ती एकदाही पडत नाही. आवाज स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्री केलेला, आणि आत अंग नाही. शेवटच्या गाण्यात ती विनवते, कडी लावू नका, मी अजून आले नाही. खुशाल लावा. बाहेर कुणी नाही."

शेवटचा अल्बम, आणि शेवटच्या गाण्यावर हे वाक्य. टेबलावर पडलेल्या त्या बाईकडे आता दुसरं काही नव्हतं. मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. अर्धं गाळलं आणि शेवट मनाने रचला, "ती विनवते, कडी लावू नका, आणि ऐकणाऱ्याचा हात आपोआप कडीकडे जातो."

चमचा दोनदा वाजला.

आता आली का पंचाईत! छापील ओळ दहादा वाचली तरी तीच राहते, मनातली कुठली राहायला? मी वाचलं, "ती विनवते, कडी लावू नका, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, उठावं आणि दार उघडावं."

रुमाल खाली आला. ती उठून बसली आणि तिने हात पुढे केला. मी कागद पाठीमागे लपवला, लहानपणी तिची बाहुली लपवायचे तसा. तिने नुसता हात तसाच ठेवला. शेवटी दिला मी. तिने वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे नाही, सिंककडे बघितलं.

मग ती टेबलावरून उतरली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचा अल्बम लावला. मधली सगळी गाणी ओलांडून थेट शेवटच्यावर गेली.

हे गाणं तिने गायलं त्या दिवशी मी शेडमध्ये होते. दातांत टाचण्या धरून एका झग्याची किनार दुमडत होते. दुसऱ्या कडव्यात, "अजून" या शब्दावर, तिचा आवाज मधोमध फाटला. अर्धा वर राहिला, अर्धा कुठेतरी खाली गेला, आणि त्या खालच्या अर्ध्यानेच तिने ओळ पुरी केली. मी टाचणी गिळता गिळता राहिले. आई गेली त्या रात्री ती गाडी हाकत आली होती आणि पोचायला उशीर झाला होता, ते सगळं त्या एका शब्दात होतं. बाहेर येऊन ती म्हणाली होती, "ताई, झालं बघ. आता घसा गेला तरी चालेल."

तेच दुसरं कडवं आता स्वयंपाकघरात वाजलं. "अजून" आलं आणि गेलं. गुळगुळीत, सरळ, बिनसुरकुतीचं.

तिने गाणं थांबवलं. बटणरावांच्या हातातली बशी अजून ओलीच होती.

"मला वाटलं, लोक हसतील," ते म्हणाले. "मागच्यासारखे. सगळीकडचं थोडं थोडं सारखं केलं. शेवटचा अल्बम होता ना. म्हटलं, तुझा आवाज चांगला राहू दे."

मागचं मलाही आठवत होतं. तिच्या एका तालमीचा तुकडा कुणीतरी बाहेर पसरवला होता, त्यात तिचा आवाज चिरकला होता. लोकांनी त्याची टिंगल करून करून तिला जीव नकोसा केला, कित्येक महिने ती घराबाहेर पडली नाही. तेव्हापासून तिनेच नियम घातला होता, अल्बम पुरा झाला की कच्चं गाणं घरात ठेवायचं नाही.

"अहो, पण मूळ गाणं असेल ना?" मी विचारलं. "तेच पाठवा बाहेर. झाली चूक म्हणून सांगा. मूळ आहे ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "पुसलं, ताई. दर वेळी पुसतो तसं. हिनेच सांगितलंय."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. गाढव म्हणाले, खाटीक म्हणाले. ते सगळं ऐकून घेत उभे होते, म्हणून आणखी संतापले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, कारण भोंगा काहीच करत नव्हती. छातीवर हात नाही, कोसळणं नाही. ती बटणरावांजवळ गेली, त्यांच्या हातातली बशी काढून घेऊन नीट जागेवर ठेवली, आणि त्यांच्या बाहीला धरून मागच्या दाराकडे निघाली.

मला कळलं. मी धावत जाऊन शेडच्या दारात आडवी उभी राहिले. "नाही. अजिबात नाही. भोंग्या, ऐक माझं. जखम कोवळी आहे. तुला माझं नाव घेऊन हाकसुद्धा मारता येणार नाही परत. महिना जाऊ दे, मग गा, हवं तेवढं गा."

तिने नाही म्हणून मान हलवली. महिन्याने घसा भरून आलेला असेल, आणि भरलेल्या घशात तो आवाज नसेल, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिचे पाय धरले. थोरली असून धरले. तिने मला उठवलं, माझ्या पदराला टोचलेली सुई काढून माझ्याच बाहीला नीट टोचली, लागू नये म्हणून, आणि मला बाजूला केलं.

बटणराव यंत्रापुढे बसले. "मी यंत्र लावणार नाही," ते म्हणाले. "मारलंस तरी लावणार नाही."

ती काचेच्या आत गेली, माइकसमोर उभी राहिली आणि बोटाने ध्वनिमुद्रणाच्या लाल दिव्याकडे दाखवलं. मग श्वास घेतला. यंत्र चालू असो की बंद, ती गाणार होती. ते आम्हा दोघांनाही दिसलं. बटणराव हुंदके देत होते, आणि त्यांनी बटण दाबलं.

घंटा नव्हत्या, घोडे नव्हते. आवाज घोगरा, वाळलेला, ओळखू न येणारा. पहिलं कडवं तिने कसंबसं रेटलं. माझी नखं माझ्याच दंडात रुतली होती. दुसऱ्या कडव्यात "अजून" आलं आणि फाटलं, त्या दिवसापेक्षाही वाईट फाटलं, आणि या वेळी खालचा अर्धाही उरला नाही. शेवटची ओळ तिने नुसत्या ओठांनी म्हटली. लाल दिवा जळत होता. बटणरावांनी हात मांडीखाली दाबून धरले होते.

बाहेर आल्यावर ती माझ्याकडे बघून "ताई" म्हणाली. हवा आली फक्त.

ती स्वयंपाकघरात गेली आणि टेबलावर आडवी झाली. रुमाल ओला करून मी तिच्या डोळ्यांवर ठेवला. तिने चाचपडत चमचा उचलला आणि एकदा वाजवला.

माझ्या हातात कागद नव्हता. मी छापलेलं वाचावं तसं म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात, अजून या शब्दावर, हिचा आवाज फाटला."

चमचा दोनदा वाजला.

"दुसऱ्या कडव्यात, अजून या शब्दावर, हिचा आवाज फाटला."

तिने पाय हलवले. चमचा पुन्हा दोनदा वाजला, आणि मी पुन्हा तेच वाचलं, एकही शब्द न बदलता.