कूर्मोबाचा जप

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत वैजयंतीबाईंचं नाव निघालं की पाठोपाठ त्यांच्या व्रतांचं नाव निघायचंच. अठरा वर्षांत एक चतुर्थी मोडली नव्हती की घेतलेला एक नेम अर्धा सुटला नव्हता. भजनी मंडळात नवीन बाई आली की तिला पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला लावत.

चौऱ्याण्णव सालच्या आषाढात त्यांच्या घरी कासव आलं. यजमान मधुकरराव तुर्भ्याला कारखान्यात. तिथले एक साहेब बदलीवर नागपूरला निघाले, त्यांनी ते दिलं. तळहाताएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. प्रत्यक्ष कूर्मावतारच दारी आला म्हणायचा! बाईंनी त्याला कूर्मोबा म्हटलं, देवघराखाली पितळी परातीत बोटभर पाण्यात ठेवलं आणि एकादशीला संकल्प सोडला: चातुर्मासभर रोज पहाटे कूर्मोबाला गार पाण्याचं स्नान आणि धूप.

श्रावणात नवल घडलं. बाई माळ ओढत होत्या आणि परातीतून बारीक शीळ आली. माळ थांबली तरी शीळ चालूच.

खालच्या मजल्यावरच्या सुचित्राताई धावत आल्या. कान लावला आणि त्यांनी हातच जोडले. "अगं बाई, हे तर जप करतंय!"

संध्याकाळपर्यंत अख्खं मंडळ घरात. हार, फुलं, आणखी धूप. चार दिवस रोज गर्दी. वैजयंतीबाईंना वाटलं, अठरा वर्षांचं फळ पदरात पडलं.

पाचव्या दिवशी बायका डोळे मिटून जप ऐकत बसल्या होत्या. बाई जास्वंदीचं फूल घेऊन वाकल्या. कूर्मोबानं फुलाकडे पाहिलंही नाही. मान लांबवून त्यानं तोंड उघडलं. प्रत्येक श्वासाला त्याचे पुढचे पाय आत-बाहेर होत होते. नाकपुडीवर एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

बाई तिथंच थबकल्या. त्यांचा निशांत आता इंजिनीअरिंगला, पण तीन वर्षांचा असताना त्याला बाळदमा होता. त्याला उभा धरून, छातीला कान लावून त्यांनी किती प्रहर काढले होते. ही शीळ त्या कानांना परकी नव्हती. चार दिवस मन ऐकू देत नव्हतं, एवढंच.

"तो धूप विझवा," त्या म्हणाल्या.

"अहो, आरती व्हायचीय अजून!"

"सुचित्राताई, हा जप नाही. याला श्वास पुरत नाहीये."

"काहीतरीच! देवाला कुठं दमा होतो?"

"देवाला होत नसेल. याला झालाय. हे पाणी, हा धूर... मीच केलंय."

"आणि संकल्प? ऐन चातुर्मासात मोडणार? तुम्ही?"

बाईंनी कूर्मोबाला परातीतून उचललं, पदरानं कोरडं केलं आणि छातीशी धरलं.

"मोडते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण दारातल्या बाईलाही ऐकू गेला.

रिक्षात मधुकरराव कुरकुरले, "कासवाला दवाखान्यात नेलं हे कारखान्यात कळलं तर माझं दुसरं बारसं होईल." पण बाजूनं आत येणाऱ्या पावसात छत्री मात्र त्यांनी कासवावरच धरली होती.

वाशीचे डॉक्टर सामंत तसे कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी विचारलं तसं बाईंनी एकेक सांगितलं. शीळ, बुडबुडे, उघडं तोंड, लांबवलेली मान, पाच दिवस पोटात काही नाही.

"बाई, हे रानातलं कासव. कोरड्या जमिनीवर, उन्हात हिंडणारं. याला धड खोकताही येत नाही, कफ आतल्या आत साचतो. लोक माझ्याकडे आणतात ते थेट मान टाकल्यावर. तुम्ही कसं ओळखलंत?"

"आजारी पण मीच पाडलं, डॉक्टर."

"पाडलंत तुम्ही आणि ओळखलंतही तुम्हीच," सामंत सुई भरता भरता म्हणाले. "इंजेक्शनं मी देईन. पण ऊब आणि कोरडी जागा नसेल तर माझी सुई वाया."

मधुकररावांनी कारखान्यातून पॅकिंगचं लाकडी खोकं आणलं. बाईंनी तव्यावर भाजून कोरडी केलेली माती त्यात पसरली. एका कोपऱ्यावर साठचा बल्ब टांगला, दुसऱ्यात अर्धं फुटलेलं मडकं पालथं घातलं. ऊब हवी तर इकडे, सावली हवी तर तिकडे. खोकं स्वयंपाकघरात गेलं, धूप देवघरातून बाहेर जिन्यात. आंघोळीऐवजी आठवड्यातून दोनदा उथळ ताटलीत कोमट पाणी, आणि लगेच पुसणं.

मग देवापुढे सुपारी ठेवून त्यांनी सांगितलं, "गार पाणी सोडलं. रोज पहाटे त्याची जागा कोरडी करीन, ऊब बघीन, श्वास ऐकीन. एवढं चालवून घे."

मंडळातलं कुणी फिरकेना. भाजीबाजारात पाठीमागून "मोठ्या व्रताच्या!" असं ऐकू आलं, तेव्हा पिशवीचा बंद त्यांनी घट्ट धरला. पण पहाट चुकली नाही.

भाद्रपदात एका सकाळी सुचित्राताई विरजण मागायचं निमित्त करून आल्या आणि खोक्यापाशी घुटमळल्या. हळूच वाकून कान दिला.

"काहीच ऐकू येत नाही हो."

"नाहीच येणार. श्वास मोकळा झालाय."

कूर्मोबा मडक्याखालून निघाला, तुरुतुरु बल्बाखाली आला आणि जास्वंदीच्या पानाचा त्यानं चांगला लचका तोडला.

"डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस उशीर झाला असता तर हातचं गेलं असतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. ताठ उभ्या होत्या. "मी ओळखलं, सुचित्राताई."

ताईंनी नमस्कारासाठी कूर्मोबाच्या पाठीकडे हात नेला.

"अं हं," बाई हसल्या. "आधी हात धुऊन या. आणि पुसून, कोरडे."