तिसऱ्या इंजेक्शनाची अष्टमी

नवरात्रातल्या अष्टमीला बडोद्याच्या वाडीतल्या सासरच्या दिवाणखान्यात उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी नटून उभी होती आणि तिच्यापुढे नीरा घागर फुंकत होती. लग्नानंतरच्या दोन्ही अष्टम्यांना तिने हा घुमघुमाट आतल्या खोलीत, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून नुसता ऐकला होता. डॉक्टरांनी नाव सांगितले, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी रुजते आणि पाळी आली की तिथेही ठणकते. काही महिने पाळीच थांबवणारी सहा इंजेक्शने ठरली. दोन झाली, आणि हट्टी पाहुण्याने न सांगता निघून जावे तशी वेदना गेली. आज मोकळ्या अंगाने नाचताना, आपल्याच श्वासाने घागर बोलते याचे नीराला लहान मुलीसारखे नवल वाटत होते.

काटा एकच होता. तिसरे इंजेक्शन उद्या होते आणि सासूबाईंनी, अहल्याबाईंनी, सकाळीच बजावले होते, "पाळी बंद करतं ते कसलं गं औषध? पुरे झालं. उद्या कुठेही जायचं नाही."

तेवढ्यात छातीतून ती ओळखीची झळ उठली. इंजेक्शनांनी वेदना नेली, पण तिच्या जागी हा वणवा ठेवला होता. नीराचा चेहरा लालबुंद झाला, मानेवरून घाम ओघळला.

"माताजी आव्यां!" शेजारच्या नयनाबेन ओरडल्या.

"अगबाई, अंगात आलं!" चुलतसासू कमलाकाकूंनी धावत येऊन तिचा मळवट भरला, हाती नारळ दिला. "आई, माझ्या वसंतचं कॅनडाचं जमेल का गं?"

'नाही हो' म्हणायला नीराने तोंड उघडले आणि तिला हसूच फुटले. देवी हसली म्हणून बायकांना दुप्पट चेव आला. घागरी घुमू लागल्या.

मग अहल्याबाई पुढे आल्या. त्यांनी हात जोडले. नातवाचे मागणे येणार, हे नीराने धरलेच होते.

"आई," त्यांचा आवाज कापरा झाला, "माझ्या सुनेचं दुखणं कधी सरेल?"

नीराला गलबलून आले. "दोन इंजेक्शनांनी ठणका गेलाय, उरलेली चारही होऊ देत," देवी म्हणाली.

बायकांच्या घागरी ओठांवरून खाली आल्या. अहल्याबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले, पदराने तिची मान टिपली, आणि त्या खुदकन हसल्या.

"ही देवी होय! हिला मी ओळखते. पन्नाशीत, पाळी जाताना, माझ्याही अंगात यायची, भर पौषात. हिचे सासरे पंख्याखाली शाल पांघरून कुडकुडायचे!" मग हलकेच, "मला बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे, आई? देवीला विचारलंत."

"कमला, पंखा लाव. देवीला गरम होतंय."

"वहिनी, समई विझेल!"

"मग ताटलीनं वारा घाल! आणि नीरा, उद्या किती वाजता निघायचंय आपल्याला?"

नीराने सांगितले, पण तोवर अहल्याबाईंनी घागर ओठांशी नेली होती, आणि त्या नादात कुणालाच काही ऐकू आले नाही.