मुक्ताईंवर रुसलेला गीझर

कोथरूडमधील एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बद्रीनाथशास्त्री आणि त्यांच्या पत्नी मुक्ताई राहतात. त्यांच्या घरात पहाटे पहिला आवाज होतो तो गॅस गीझरचा. न्हाणीघरात नळ सोडला की बाहेरच्या चिंचोळ्या बाल्कनीत भिंतीवर टांगलेला गीझर टक टक करतो, मग भक्क असा आवाज होऊन निळी ज्योत फुलते. शास्त्रीबुवा त्या आवाजाला मनोमन हात जोडतात. अग्नी कुंडात असो वा पत्र्याच्या पेटीत, तो अग्नीच, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि जन्मभर संस्कृत शिकवलेल्या या माणसाच्या श्रद्धेला घरात कोणी आक्षेप घेत नाही.

गेल्या वर्षभरात मात्र या अग्नीने पंक्तिप्रपंच मांडला होता. शास्त्रीबुवांच्या स्नानाच्या वेळी तो निमूटपणे प्रकट होई. त्यानंतर थोड्या वेळाने मुक्ताई स्नानास जात, तेव्हा नुसतीच टकटक चाले. कधी बऱ्याच खटपटीने पेटे, कधी पेटतच नसे.

"अहो, आजही नाही पेटला."

"मला तर पेटला होता."

"तुम्हाला पेटतोच. माझ्यावर रुसलाय तो. लग्नात अग्नीभोवती मीही तुमच्यामागून फिरले होते म्हणावं, ओळख ठेव जरा."

मग मुक्ताई बाल्कनीत जात, गीझरच्या इवल्याशा काचेतून आत डोकावत, पदराने डोके टिपत आणि पातेले शेगडीवर चढवत. असे चालले होते, आणि चाललेही असते. परंतु त्यांची एकुलती एक लेक भाग्यश्री, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बाळंतपणाला टेकली होती, आणि तिला माहेरी यायचे होते. मुक्ताईंनी जुनी मऊ लुगडी फाडून लंगोट आणि दुपटी शिवून ठेवली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भाग्यश्रीच्या सासूबाई, शैलाताई, बिबवेवाडीहून व्यवस्था पाहायला आल्या. पूजा नुकतीच आटोपली होती. त्यांनी सरळ न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. टक टक टक टक. त्या कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"टाळ छान धरलाय, विहीणबाई. भजन कधी सुरू होणार?"

मुक्ताईंना हसू आले, पण ते ओठांवर टिकले नाही.

"हे बघा, रागावू नका," शैलाताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "बाळ-बाळंतिणीला रोज सकाळी कढत पाणी लागणार. मालिशवाल्या गोदाबाईंना आणखी घरं असतात. तेल चोळून झालं की तुमचं पातेलं तापेपर्यंत त्या बसायच्या नाहीत, आणि तेलात माखलेलं पोर थंडीत कुडकुडत ठेवता येत नाही. आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे. तुमचा हा भरवशाचा झाला तर माझी काही हरकत नाही. नाहीतर भाग्यश्री बिबवेवाडीलाच राहील."

बोलणे रास्त होते. त्या गेल्यावर मुक्ताईंनी लंगोटांची चळत कपाटात आत सरकवली आणि दार लावून घेतले. शास्त्रीबुवांनी ते पाहिले.

दुपारी गीझर दुरुस्त करणारा आला. त्याने सेल बदलले, पाण्याच्या वाटेवरची जाळी धुतली. पुन्हा पुन्हा नळ सोडून पाहिला. प्रत्येक खेपेला ज्योत फुलली. "ठणठणीत आहे, काका," म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवांचे स्नान झाले, मुक्ताई गेल्या, आणि पुन्हा टक टक टक. फोनवर तो म्हणाला, "वरचा मजला आहे, पाण्याला जोर नसेल. नवा बसवलात तरी हेच होईल." विजेचा गीझर लावावा, तर घरातली वायर इतकी जुनी, की ती सगळी बदलल्याखेरीज लावू नका असे वायरमनने बजावले होते.

अशात वाईहून चुलतभावाला नातू झाल्याचे कळले. सोयर आले. शास्त्रीबुवांची पूजा थांबली. शेजारचे एक गृहस्थ येऊन देवांवर पाणी घालून जाऊ लागले. आणि नवल असे, की गीझर मुक्ताईंना प्रसन्न झाला. रोज सकाळी एक टक, आणि ज्योत. सवयीने त्या सुरुवातीला बाल्कनीत जाऊन काचेतून पाहून येत, आणि हसत परतत. त्यांनी लेकीला फोन केला. मागून शैलाताईंचा आवाज आला, "थोडे दिवस जाऊ देत. बघू."

सोयर फिटले. शास्त्रीबुवांनी स्नान केले, सोवळे धुऊन वाळत घातले आणि मन लावून पूजा केली. मुक्ताई नळ सोडायला गेल्या. टक टक टक टक.

बाल्कनीत डोकावून त्या परत आल्या आणि पाटावर बसल्या. "देव सुखी झाले, की हा अडतो. यात माझं काय चुकलं?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "जे असता कार्य घडते आणि जे नसता घडत नाही, ते कारण. अन्वय आणि व्यतिरेक. मी पोरांना हे धूर आणि अग्नीच्या उदाहरणाने शिकवीत आलो."

"इथे अग्नीचाच पत्ता नाही, आणि तुम्ही धूर काढताय. सोयरात काय नव्हतं, तेवढं सांगा."

"पूजा नव्हती."

"घंटेनं गीझर विझत नाही. पुढे."

"गंध उगाळणे नव्हते. नैवेद्य नव्हता..."

मुक्ताईंचा हात नकळत डोक्याकडे गेला. भांगातला ओलावा त्यांनी बोटाने टिपला आणि बोटाकडे पाहत राहिल्या.

"अहो, सोयरात माझ्या डोक्यावर थेंब पडला नाही."

"कसला थेंब?"

"रोज पडतो की. गीझरमध्ये डोकवायला जाते ना, तेव्हा नेमका भांगात. तुमच्या सोवळ्याचा."

"आणि हे तू मला वर्षभर सांगितले नाहीस?"

"सोवळ्याचं पाणी डोक्यावर पडलं, ही काय तक्रार करायची गोष्ट आहे? मी आपली तीर्थ समजत होते."

दोघेही बाल्कनीत गेले. उद्याच्या पूजेसाठी धुतलेले धोतर उंच दोरीवर, कोणाचाही स्पर्श होऊ नये म्हणून काठीने पसरलेले, संथपणे ठिबकत होते. त्याखाली गीझर होता. पूर्वी ही दोरी कठड्याकडे होती. कबुतरांसाठी जाळी बसवली तेव्हा ती भिंतीकडे सरकली होती. त्यातच शास्त्रीबुवांच्या मनगटांत कापड घट्ट पिळण्याचे बळ उरले नव्हते. विजेरीच्या उजेडात दिसले, की थेंब गीझरच्या माथ्यावरच्या फटींतून आत उतरत होता आणि जिथे ठिणगी पडते, नेमकी तीच जागा भिजवत होता. दुपारपर्यंत सारे वाळून जाई, आणि पहाटेही कोरडे असे. सोवळ्याला कोणी हात लावत नसे, म्हणून कोणी मान वर करून पाहिलेही नव्हते.

"ज्या वाटेने याचा ऊष्मा बाहेर पडायचा, तीच मी कापडाने झाकत होतो," शास्त्रीबुवा हळू आवाजात म्हणाले. "रोज पेटला असता तर एखाद्या दिवशी कापडानेच पेट घेतला असता. थेंबाने आपल्याला वाचवले म्हणायचे."

त्यांनी गॅसचा कॉक बंद केला आणि काठीने धोतर उतरवले. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावून आतला गंज साफ करून घेतला, सगळे तपासून घेतले.

आता प्रश्न राहिला सोवळ्याचा. दुसरी दोरी होती ती पुढच्या मोठ्या बाल्कनीत. तिथे घरातले सगळे कपडे वाळत, आणि बाळाचेही तिथेच वाळणार होते. सोवळे कशालाही शिवू द्यायचे नाही, हा नियम मुक्ताईंच्या सासऱ्यांपासून चालत आलेला होता, आणि तो कुठवर वाकवायचा हे ठरवणे त्यांचे काम नव्हते. शेवटी शास्त्रीबुवांनीच स्टुलावर चढून पुढच्या बाल्कनीत एक जादा दोरी बांधली, बाकीच्या दोऱ्यांहून वीतभर उंच.

शैलाताई पुन्हा आल्या, आणि न कळवता, नेमक्या मुक्ताईंच्या स्नानाच्या वेळी. नळ सोडला. एक टक, ज्योत. बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा ज्योत.

"काय केलंत तरी काय?"

"ह्यांचं धोतर हलवलं."

"एवढंच? मला तर वाटतं, त्यापेक्षा गीझर बदलणं सोपं गेलं असतं." शैलाताईंनी पर्समधून फोन काढला. "गोदाबाईंना कोथरूडचा पत्ता कळवते."

त्या संध्याकाळी कपाटातली चळत पुन्हा बाहेर आली.

पौष अर्धा सरला तेव्हा घरात वेखंडाचा आणि धुरीचा वास भरलेला होता. भाग्यश्री आतल्या खोलीत निजली होती, आणि गोदाबाई पायांवर घेतलेल्या इवल्या मुलीला तेल चोळत तिच्याशी भांडत होत्या. शास्त्रीबुवा पुढच्या बाल्कनीत आपले धोतर पसरत होते. खालच्या दोरीवर लंगोटांची रांग होती. वाऱ्याची झुळूक आली, एक लंगोट उडाला आणि धोतराच्या काठाला बिलगून तिथेच राहिला.

मुक्ताई दारातून पाहत होत्या. "शिवलं हो."

"लंगोट धुतलेला आहे ना?"

"धुतलेला आहे, पण उद्या नेसायचंय ते तुम्हाला. पूजेला."

"उद्या नेसेन," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

आतून गोदाबाईंची हाक आली, "आजी, पाणी सोडा!" मुक्ताई लगबगीने न्हाणीघरात गेल्या. शास्त्रीबुवा कान देऊन उभे राहिले. एकदाच टक झाले. त्यांनी हात जोडले, तोच मुलीने कढत पाण्याच्या पहिल्या तांब्याला मोठे भोकाड पसरून सलामी दिली.