भावासमोर विचारलेला प्रश्न

तीन सर्वेक्षणं एकत्र करायची कल्पना इलाइसानेची. टोंगात घरखर्चाची पाहणी वेगळी व्हायची, कामधंद्याची वेगळी, आरोग्याची वेगळी. आणि हापाई द्वीपसमूहाच्या टोकाच्या बेटांवर घरं इतकी थोडी, की एकट्या पाहणीच्या आकड्यावर कुणी भरवसा ठेवू नये. तिने सुचवलं, घरी एकदाच जाऊ, सगळे प्रश्न एकाच बैठकीत विचारू आणि मग सगळ्या बेटांची उत्तरं जोडू. घरची माणसं चटईवर एकत्र बसली की एकमेकांच्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करतील. सांख्यिकी खात्यात सगळ्यांना पटलं. कॅनबेराला शिकून आलेली मुलगी म्हणून कौतुकही झालं.

आकडे आले तेही छान. त्या बेटांवर गेल्या काही वर्षांत तान्ही मुलं जवळजवळ दगावलीच नव्हती. वरिष्ठांनी लगेच ठरवलं, तिथली नर्स जास्त गरजेच्या ठिकाणी हलवायची. गावाला हे सांगायला इलाइसाने आपणहून निघाली. चांगली बातमी सांगायला कुणाला आवडत नाही?

ती उतरली लेसिएलीकडे. पाहणीच्या वेळी कामावर घेतलेल्या नव्या मुलींना कसं विचारायचं ते दाखवायला म्हणून तिने स्वतःच या घरात प्रश्न विचारले होते. जेवायला भाजलेला सुरण होता, नारळाच्या दुधातली मासळी होती.

"फिलिमोनेदादा दिसत नाहीत ते?" तिने लेसिएलीच्या भावाची चौकशी केली.

"तो हल्ली काकांकडेच असतो," लेसिएली म्हणाली.

इलाइसानेने पुढे काही विचारलं नाही. तिला आपली बातमी सांगायची घाई झाली होती. "तुमच्या बेटावर बाळं दगावत नाहीत, आकड्यांनीच सिद्ध झालंय. म्हणून नर्सबाईंना आता दुसरीकडे पाठवणार."

लेसिएलीचा घास हातातच राहिला. मग ती उठली, अर्धवट जेवलेली ताटं गोळा करून आत गेली ती आलीच नाही.

कोपऱ्यात सियोसियानाआत्या बसली होती. लेसिएलीच्या वडिलांची बहीण. या घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. ती म्हणाली, "चल बाई, जरा पाय मोकळे करू."

आत्या तिला दफनभूमीत घेऊन गेली. पांढऱ्या वाळूचे ढिगारे, त्यांच्यावर रंगीत गोधड्या टांगलेल्या. कडेला काही ढिगारे अगदी लहान होते.

"हा लेसिएलीचा. मुलगा होता, महिन्याचाही झाला नाही. तो पलीकडचा पाद्रीबाबांच्या सुनेचा."

"पण आत्या, ती तर नाही म्हणाली. मीच विचारलं होतं."

"विचारलंस खरं. फिलिमोने कुठे बसला होता तेव्हा?"

इलाइसानेच्या डोळ्यांपुढे ती चटई आली. फिलिमोने बहिणीच्या समोरच बसला होता, मासेमारीतून किती सुटतं ते सांगत. आणि त्याच दमात तिने लेसिएलीला विचारलं होतं, बाळंतपणं किती झाली, एखादं मूल गेलं का. फिलिमोनेची मान खाली गेली होती. लेसिएली पटकन 'नाही' म्हणाली होती, आणि आपल्याला बरं वाटलं होतं, काम लवकर उरकलं म्हणून.

"तू टोंगाचीच ना गं?" आत्याने शांतपणे विचारलं. "का विमानातून उतरताना तेवढं तिकडेच विसरून आलीस? स्वतःच्या भावासमोर सांगशील असलं काही?"

इलाइसानेच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. भाऊ खोलीत आला की ती टीव्ही बंद करायची, एखादं भलतं दृश्य लागेल म्हणून. भावाबहिणीमधला हा आडपडदा तिला कुणी शिकवावा लागला नव्हता. आणि सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, ही सूचना तिनेच लिहिली होती. कितीतरी घरांतल्या बायका तिच्यामुळे भावांसमोर खोटं बोलल्या होत्या.

"तेव्हापासून तो बहिणीच्या घरात जेवायला येत नाही," आत्या म्हणाली. "लाज त्याची नाही, पण वाहतोय तोच."

दुसऱ्या दिवशी इलाइसानेने आत्याकडून एक जुनी, फाटकी चटई मागून घेतली. माफी मागणारा नेसतो तशी ती कमरेला गुंडाळून लेसिएलीच्या अंगणात मान खाली घालून बसली. ऊन चढत गेलं. येणारे-जाणारे बघत होते.

बऱ्याच वेळाने लेसिएली बाहेर येऊन शेजारी बसली.

"तुझ्यावर राग नाही गं माझा," ती म्हणाली. "पण त्याला नाव ठेवलं होतं आम्ही. मी त्याची आई, आणि मीच म्हटलं की तो झालाच नाही. आता गोधडी बदलायला जाते तर तिथे उभं राहवत नाही."

इलाइसाने नुसती रडली.

राजधानीत, नुकुआलोफाला परतल्यावर तिने तो आकडा मागे घ्यायला लावला. "चूक कुणाची म्हणून सांगू वर?" वरिष्ठांनी विचारलं. "माझी," ती म्हणाली. नर्सची बदली थांबली. बायकांचे प्रश्न बायकांनीच, एकट्यात विचारायचे, असं ठरलं. त्यांची उत्तरं बाकीच्या उत्तरांशी नंतर जोडायची. नवा आकडा मोठा आला, दुखवणारा आला, पण खरा होता. बैठकीत तिचं पुन्हा कौतुक झालं, तेव्हा ती टेबलाखालच्या आपल्या चपलांकडे बघत राहिली.

फिलिमोने अजून काकांकडेच जेवतो, असं आत्याने फोनवर सांगितलं.