दुसरा माइक

एक खोकला. दाराची कडी. निफाडला मांडवाखाली मांडलेला पाट. साय धरलेला चहा. पंचेचाळिसावं सेकंद.

नाशिकला अबरारभाईंच्या दोन खोल्यांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत, दुपारी दीड वाजता, हे सगळं इन्शाच्या अंगावर एकदम आलं.

सायखेड्याच्या कुसाबाईंची हळदीची बारा गाणी सकाळी साइटवर विक्रीला चढली होती. विकत घेण्याआधी प्रत्येक गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा फुकट ऐकता येतो. तुकडे इन्शानंच कापलेले. सगळे पंचेचाळिसाव्या सेकंदापासून, एका दमात, न ऐकता. ऐकायचं काय, गाणी तर पाठ झालेली! पण सातवा तुकडा तिनं साफ केलेल्या गाण्यातून कापायचा सोडून कच्च्या रेकॉर्डिंगमधून कापला होता.

कच्च्यात काय होतं? दुसऱ्या माइकवर मागून झील धरणारी कुसाबाईंची सून, उज्वला. तिला आलेला खोकला. ती पाणी प्यायला बाहेर गेली, कडी वाजली, आणि मग कुसाबाईंचा दबका आवाज: "पोरी, हिचा आवाज बारीक कर गं. म्हैस हंबरल्यावानी वाटतंय. तिला कळू देऊ नको पण. लय हौसेनं आलीय."

"भाई, काढायला लावा ना तो तुकडा, आत्ताच्या आत्ता!"

"सांगितलंय बेटा. साइटवाले साडेपाच म्हणतात. तुझ्यासाठी बसलेत का ते तिथं? चहा घे."

साडेपाच. आणि निफाडला उज्वलाच्या नणंदेच्या मुलीची हळद चारला. सकाळी स्पीकर पिशवीत घालून निघताना उज्वलानं फोन केला होता, "ताई, साऱ्या भावकीला ऐकवणार बघा!"

कुसाबाईंना सावध करावं, तर सासूसुनेत फोन एकच. तो उज्वलाच्या कमरेला.

इन्शानं नंबर लावला. कापला. पुन्हा लावला.

"वहिनी, सातवं गाणं लावू नका हं. त्यात जरा..."

"लावलं की." मागं बायकांचा हा गलका. "म्हैसच म्हणत्यात मला आता सगळ्या."

इन्शानं खोलीचं दार लोटून घेतलं.

"आत्याबाई तोंड लपवून चुलीपाशी बसल्यात. म्हटलं, तोंडावर बोलायचं होतं ना! पण ताई, त्याच्या आधी दोन ओळी माझ्या हायेत. ऐकल्या का तुम्ही?"

"ऐकल्या."

"मग? म्हैस हाय का मी?"

"नाही वहिनी." हे मात्र खरं होतं. मघापासून तिनं त्या दोन ओळी दहादा ऐकल्या होत्या. आवाज जाड होता, पण सुरात होता.

"तेच म्हणते मी! तुकड्यात काय कळतंय? पुरं गाणं घेतलंय विकत. हळद लागली की लावते. ठरवू दे भावकीला."

"वहिनी, थांबा, मला एक..."

फोन बंद झाला होता. तिनं पुन्हा लावला. उचलेना. पुन्हा लावला.

रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, इन्शानं दुसऱ्या माइकचा, उज्वलाचा, आवाज पूर्ण बंद करून बाराही गाणी साफ केली होती.