लंबूच्या दंडावरचा पारा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. नवी यंत्रे आपले आपण आकडे दाखवतात. माझ्या काचेच्या नळीत मात्र पारा आहे. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबायचा, मग हवा हळूहळू सोडत नाडीचे ठोके ऐकायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, ज्या कारागिराने मला घडवले त्याने शेवटी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून पाहिला आणि म्हणाला, "शहाणा आहेस." ते माझे पहिले कौतुक.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली. रुग्णाला हात लावण्याआधी मुले तिथे एकमेकांचा रक्तदाब मोजायला शिकत.

त्यात लंबू आणि मावशी अशी एक जोडी होती. मावशी विशीतलीच, पण सगळ्यांच्या जेवणाची चौकशी करायची म्हणून मावशी. लंबूला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर व्हायचे होते. टेबलाच्या खणाच्या कडीला दोरा अडकवून तो उजव्या हाताने भराभर गाठी मारण्याचा सराव करी. त्याची बोटे बघत राहावीत अशी होती.

"काही खाल्लंस का?" मावशीने पट्टा बांधताना विचारले.

"चहा झालाय. वेफर्स पण."

"कालही तेच! झोपलास तरी?"

"परीक्षा झाली की झोपायचंच आहे, मावशीबाई. फुगा दाबा."

पहिला ठोका ऐकू आला तेव्हा पारा एकशे सत्तरावर होता. तिने पुन्हा मोजले. तेवढाच.

"अरे, हे काय भलतंच!"

"आधी स्वतःचे कान तपासून घे," लंबू हसला. "या वयात एवढा असतो का कुणाचा? यंत्राचं डोकं फिरलंय. पुस्तकातला लिही, एकशे वीस."

तिने तसेच लिहिले. यंत्र चुकतंय असे लंबूने सरांना सांगितले. सर घाईत होते. "जुनं झालंय ते," एवढेच म्हणाले, आणि माझ्या झाकणावर पट्टी चिकटली: नादुरुस्त. मी कपाटात गेलो.

कपाटाच्या काचेतून मला समोरची भिंत दिसे. तिथे लंबूने लोकांसाठी रंगवलेला तक्ता होता: मीठ कमी खा, रोज चाला, पुरेसे झोपा. अक्षर मोत्यासारखे. त्याच तक्त्याखाली बसून तो वेफर्सचे पाकीट फोडी. मला ओरडावेसे वाटे. पण दंडाला बांधल्याशिवाय मला बोलता येत नाही.

परीक्षा तोंडावर आली असताना, गाठ मारता मारता, एके दुपारी त्याच्या हातातून दोरा सुटला. तो पुन्हा धरायला गेला, तर हात ऐकेना. "माव..." एवढेच वाकड्या तोंडातून निघाले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

तो वाचला. उजवा हात गेला तो गेलाच.

मग एकदा मावशी एकटीच आली. तिने मला काढून स्वतःचा रक्तदाब मोजला, मग नव्या यंत्राने मोजला. दोन्ही आकडे जुळले. ती खाली बसली आणि नखाने ती पट्टी खरवडत राहिली. पट्टी निघाली, डिंक राहिला.

मित्रांनो, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. शंका आली तर शांत बसून पुन्हा मोजा, दुसऱ्या यंत्राने मोजा. पण पुस्तकातला आकडा स्वतःच्या नावापुढे लिहू नका. आणि जे दुसऱ्याला सांगाल, त्यातला एक घास, एक झोप स्वतःसाठीही ठेवा.

खणाच्या कडीला तो दोरा अजून आहे. शेवटची गाठ अर्धीच आहे. कुणी ती सोडत नाही, कुणी पुरी करत नाही.