वहिनींनी आणलेली शिंपली

मी शिंपली बोलतेय. दगड नव्हे, आणि शोभेची वस्तू तर मुळीच नव्हे. मी हाडामासाची नाही, चुन्याची आहे, आणि चुना पाण्यात जे करतो तेच मी केलं. ज्यांना त्याचा राग असेल त्यांनी आधी सगळं ऐकून घ्यावं. मधे बोलू नये.

स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. माझ्या पोटात एक मऊ जीव राहायचा. त्यानंच समुद्रातून कण कण गोळा करून मला बांधलं आणि एक दिवस तो गेला. मग लाटांनी मला उचललं, आपटलं, लोळवलं. माझ्या जोडीची दुसरी शिंपली कुठे गेली, आजवर पत्ता नाही. पण आतून मी अशी झळकायचे की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. उगाच नाही सांगत.

वाळूतून मला उचललं ते वहिनींनी. त्यांच्या घरात तीन माणसं. वहिनी स्वतः. त्यांची नणंद, जिला त्या वन्सं म्हणत. कापड रंगवून देण्याचं दुकान चालवणारी, फटकळ बाई. आणि दादा, एकीचा नवरा, दुसरीचा भाऊ. दोघी भांडायला लागल्या की दादा पेपर उघडत. ते पेपर फार वाचत.

भांडणाचं मूळ होतं माशांची टाकी. जेवणाचं टेबल हलवून वन्संनी ती तिथे मांडली, कुणाला न विचारता. ठिणगी पडली ती चुली वेगळ्या होईपर्यंत विझली नाही. एकाच ओट्यावर दोन शेगड्या, चहाची दोन भांडी, आणि निरोप्या म्हणून मधे दादा.

समुद्रावरून आल्या दिवशी वहिनींनी मला धुतलं, सरळ टाकीपाशी गेल्या, “माशांना सोबत,” एवढंच म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं मला आत ठेवलं. वन्सं बघत राहिल्या. मग त्यांनी आपलं चहाचं भांडं उचलून कपाटात ठेवून दिलं. त्या संध्याकाळी तिघांचा चहा एकाच भांड्यात झाला. म्हणजे मी त्या घरातला तह होते. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच अडलं.

टाकीत लांब पंखांचे एंजल मासे होते. त्यांना लागतं मऊ पाणी, जरासं आंबटाकडे झुकणारं. नळाचं पाणी तसंच होतं. पण मी त्यात विरघळायला लागले आणि पाणी जड होत गेलं. वन्सं काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकून रंग बघायच्या. पिवळसर हिरवा यायला हवा होता, निळा येऊ लागला. जिचा जन्म रंगाच्या पातेल्यापाशी गेला, ती रंगाला फसणार?

त्यांनी आम्लाची बाटली आणली. ओतलं की पाणी हिरव्यावर यायचं. ते आम्ल मला खायचं, मी त्याला खायचे, आणि दुसऱ्या दिवशी नळीत पुन्हा निळं. त्या ओतायच्या, मी खोडून काढायचे. मासा एक वेळ वाईट पाणी सोसतो, रोज फिरणारं सोसत नाही. मासे पंख मिटून घ्यायचे, मधेच वेड्यासारखे काचेवर धडकायचे, वर येऊन तोंडं उघडायचे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी वैर धरलं नव्हतं हो. पण होत होतं, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

एकदा वन्संनी बाही सारून हात आत घातला. बोटं माझ्या कडेला लागली. वाटलं, सुटले. तेवढ्यात आतून वहिनींनी विचारलं, चहा टाकू का? हात तसाच रिकामा बाहेर गेला. तेव्हा मला समजलं की वन्संना सगळं समजलंय.

एकेक करत मासे गेले. दोनच उरले, आणि त्यातलाही एक तळाशी तिरका पडला. त्या दुपारी वन्सं दुकानात होत्या. वहिनींना वाटलं, निदान टाकी तरी नीट करू. काचेच्या झाकणावर पांढरा थर धरला होता, तो व्हिनेगरनं काढायला त्यांनी झाकण ओट्यावर आणलं, आणि बरोबर मलाही. झाकण फसफसलं. चार थेंब माझ्या पाठीवर पडले, आणि मीही फसफसले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

वहिनींनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हा थर पूर्वी नव्हता, मी आल्यावर धरलेला, माझ्याच चुन्याचा. त्यांनी मला उलटं केलं. आतली झळाळी जाऊन नुसता खडू उरला होता. त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

संध्याकाळी वन्सं आल्या तेव्हा मी ओट्यावरच होते.

“वन्सं, हे तुम्हाला माहीत होतं?”

वन्संनी चपला काढल्या, हात धुतले, सावकाश पुसले. “होतं.”

“आणि गप्प बसलात? तुम्ही?”

दादांचा पेपर खाली आला.

“हिला बाहेर काढली असती, तर तुम्ही परत वेगळी शेगडी मांडली असती.”

“मासे मरू दिलेत, पण माझं मन राखलंत. इतकी वाईट आहे का हो मी?”

वन्संनी खरोखरच विचार केला. “होतात,” त्या म्हणाल्या. “तेव्हा होतात.”

वहिनींचा चेहरा रडायला निघाला होता, वाटेत हसू फुटलं. मग दोघी टाकीपाशी बसल्या. पाणी एकदम बदललं तर उरलेलेही जातील म्हणून एक तांब्या काढायचा, एक घालायचा, रोज थोडं थोडं. तिरका पडलेला गेलाच. दुसरा जगला. अजून काचेकाचेशी जोडीदाराला शोधत फिरतो. मला बघवत नाही, पण इथून दुसरं काही दिसतही नाही.

मी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, मांडीवर साबणाची वडी घेऊन. टाकीत ठेवायला कुणी नवा दगड आणला की वहिनी व्हिनेगरची बाटली काढतात. आधी थेंब माझ्यावर, व्हिनेगरात दम आहे का बघायला, मग त्याच्यावर. माझ्यासारखं बोलला, तर तो टाकीत जात नाही. दर थेंबाला मी थोडी कमी होते. होऊ दे.

तुमच्याही घरात प्रेमानं दिलेलं काहीतरी असेल, आणि त्यापायी कुणीतरी वर येऊन श्वास शोधत असेल. हात घातलात तर रिकामा बाहेर काढू नका. देणारा रागावतो, मरत नाही.

नवा दगड आलाय. वहिनींनी बूच उघडलं. आता जरा गप्प बसा, मला बोलायचंय.